हाकेवाचून धावणारा

अमेरिकेत कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या स्पर्धा होतात. त्यांत ‘युटिलिटी’ नावाचा वरचा, अवघड वर्ग असतो. त्यातला एक प्रकार पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, खेळ बंद पडला की काय. मालक आणि कुत्रा रिंगणात शेजारी शेजारी चालतात. मग कुत्र्याला उभं ठेवून मालक दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथून नुसता हात हलवतो. कुत्रा पोटावर पडतो. पुन्हा हात हलतो, कुत्रा उठून बसतो. आणखी एकदा हलतो, तसा धावत येऊन पुढ्यात बसतो. आज्ञेचा एक शब्द तोंडातून निघाला तर तो प्रयत्न बाद. चांगले ठणठणीत कान असलेल्या, कसून तयार केलेल्या कुत्र्यांची ही परीक्षा, आणि ती घेतात तोंड मिटून.

गंमत अशी की ज्या अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धांत हा मुका प्रकार आहे, त्याच क्लबच्या नियमांनी बहिऱ्या कुत्र्याला बरीच वर्षं रिंगणाबाहेर ठेवलं होतं. पुढे ती मनाई उठली. आता बहिरी कुत्री आज्ञापालनात उतरतात आणि अ‍ॅजिलिटीतही उतरतात, म्हणजे उड्या, बोगदे आणि झुलत्या फळ्यांच्या शर्यतीत. ‘पण सांगायचं कसं त्यांना?’ असं आपण चटकन विचारतो, कारण कुत्र्याला शिकवणं म्हणजे त्याला ओरडून सांगणं हे आपण गृहीत धरलेलं असतं. मला त्याआधीचा प्रश्न जास्त मजेदार वाटतो. ऐकू येणारा कुत्रा तरी आपलं कितपत ऐकत होता?

त्याच्याकडे येण्याआधी थोडं कानात डोकावू, कारण तिथली गोष्ट कुत्र्याच्या रंगापासून सुरू होते.

डाल्मेशियन म्हटलं की ठिपके आठवतात, पण त्याची पिल्लं जन्मतात पांढरीशुभ्र. दहा-बारा दिवस गेले की कातडीवर ठिपके वर यायला लागतात. साधारण त्याच पंधरवड्यात पिल्लांच्या कानांची बंद भोकं उघडतात. म्हणजे ठिपके दिसणं आणि आवाज कळणं या दोन्ही गोष्टी जवळजवळ हातात हात घालून येतात. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही पिल्लांच्या आतल्या कानात पडझड सुरू होते आणि बाहेरून तिचा मागमूसही लागत नाही. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतले जॉर्ज स्ट्रेन यांनी अमेरिकेतल्या पाच हजारांहून जास्त डाल्मेशियन कुत्र्यांच्या तपासण्यांची माहिती गोळा केली. त्यातली सुमारे ८ टक्के कुत्री दोन्ही कानांनी बहिरी होती आणि सुमारे २२ टक्के एका कानाने.

रंगाचा आणि कानाचा संबंध काय? कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. गर्भात या पेशी पाठीच्या रेषेपाशी तयार होतात आणि तिथून सगळ्या अंगभर प्रवासाला निघतात. काही कातडीत मुक्काम करतात, काही डोळ्यात, आणि काही थेट आतल्या कानात पोचतात, जिथे रंग बघायला कुणीच नसतं. कॉक्लिआ नावाच्या गुंडाळलेल्या नळीच्या भिंतीत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक पट्टा असतो, त्यात त्या वस्तीला राहतात. तिथे त्यांचं काम रंगाचं नाही, विजेचं आहे. आतल्या द्रवात पोटॅशियमचं प्रमाण वाढतं ठेवून त्या तिथे सुमारे ८० मिलिव्होल्टचा दाब टिकवून धरतात. आवाजाची थरथर टिपणाऱ्या केसपेशी याच विजेवर चालतात. ज्या पिल्लाच्या कानापर्यंत या पेशी पोचल्याच नाहीत, त्याचा कान म्हणजे मीटरपासूनच वीज नसलेलं घर: वायरिंग नवं, दिवे लावलेले, पण बटण दाबून उपयोग नाही. काही आठवड्यांत तो पट्टा सुकतो, त्यामागोमाग केसपेशी मरतात, आणि सस्तन प्राण्यांच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून पांढऱ्या रंगाला दोष देऊन भागत नाही. अल्बिनो प्राण्यात या पेशी जागच्या जागी असतात, फक्त रंग बनवत नाहीत. त्याला छान ऐकू येतं. अडचण येते ती पेशी तिथवर न पोचल्यामुळे. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं बहुधा बहिरी असतात हे निरीक्षण डार्विनने आपल्या लेखनात नोंदवून ठेवलं होतं. कारण मात्र त्याच्या काळात कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

आता माणसाचा शहाणपणा बघा. काही डाल्मेशियन पिल्लांच्या अंगावर, बऱ्याचदा कानावर किंवा डोक्यावर, जन्मतःच रंगाचा मोठा डाग असतो. अशा पिल्लांत बहिरेपणाचं प्रमाण कमी आढळतं, कारण रंगपेशी तिथवर भरपूर पोचल्याची ती खूण असते. आणि अमेरिकन केनेल क्लबच्या सौंदर्याच्या निकषांत नेमका हाच डाग असलेला कुत्रा बाद ठरतो! ठिपके सुटे, गोल आणि सुबक हवेत म्हणून ऐकू येण्याची शक्यता जास्त असलेली पिल्लं पैदाशीतून मागे पडत गेली. दुसरा असाच उद्योग ‘मर्ल’ रंगाचा. ऑस्ट्रेलियन शेफर्ड, कोली अशा जातींत दिसणारी ती निळसर-करडी, चट्ट्याचट्ट्यांची झाक. आईबाप दोघंही मर्ल असतील तर सरासरी चारांतलं एक पिल्लू दोन्हीकडून ते जनुक घेऊन येतं. ते बहुतांशी पांढरं असतं आणि त्याला बहिरेपणाचा, शिवाय डोळ्यांतल्या दोषांचा धोका कितीतरी जास्त असतो. देखण्या पिल्लांना गिऱ्हाईक चांगलं मिळतं म्हणून हे वीण लावणं चालू राहतं. मला ते सरळ क्रूरपणाचं वाटतं.

पिल्लू बहिरं आहे हे घरात ओळखणं वाटतं त्यापेक्षा अवघड असतं. भांडं आपटलं की ते वळून बघतं, कारण फरशीची थरथर त्याच्या पायांना कळते. दार उघडलं की धावत येतं, कारण हवेचा झोत आणि वास त्याच्या नाकाशी आलेला असतो. भावंडं उठली की तेही उठतं. संशय येतो तो भावंडं वेगवेगळ्या घरी गेल्यावर, किंवा सगळी ताटलीवर तुटून पडली तरी एकटंच गाढ झोपलेलं दिसल्यावर. खात्रीची परीक्षा एकच. डोक्याच्या कातडीत बारीक सुया लावून कानात टकटक आवाज सोडायचा आणि मेंदूच्या देठातून उमटणारी वीज मोजायची. आवाजानंतरच्या पहिल्या दहा मिलिसेकंदांत पडद्यावर लहान लहान लाटा उठतात. बहिऱ्या कानाची रेघ सपाट राहते. पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की ही तपासणी करता येते, आणि प्रत्येक कान वेगळा तपासला जातो. ते गरजेचं असतं, कारण एका कानाने बहिरं पिल्लू घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. पुढे त्याला पिल्लं होतात आणि दोष पुढच्या पिढीत जातो.

कित्येक वर्षं दोन्ही कानांनी बहिऱ्या पिल्लाला डॉक्टरकडून मरण द्यावं असा सल्ला ब्रीडर मंडळी देत. अशी कुत्री दचकतात, चावतात, आवरत नाहीत, असं त्यामागचं कारण. व्हॅलेरी फार्मर-डूगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ४६१ कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीची माहिती घेतली. त्यांतली १८३ कुत्री ऐकण्यात किंवा बघण्यात अधू होती. ती इतरांपेक्षा जास्त आक्रमक निघाली नाहीत. आक्रमकपणात आणि उत्तेजितपणात त्यांचे गुण उलट कमीच आले. ही मालकांनीच दिलेली माहिती आहे, आणि आपल्या कुत्र्याबद्दल कोण वाईट सांगतं, हे मनाशी धरूनही त्या जुन्या सल्ल्याला आधार उरत नाही.

आता शिकवण्याकडे. ऐकू येणाऱ्या पिल्लाचा पहिला धडा ‘बस’ असू शकतो. बहिऱ्याचा पहिला धडा असतो ‘बघ’. त्यासाठीही हाक मारायची सोय नाही, म्हणून तो उलट्या बाजूने शिकवतात. पिल्लाने आपणहून आपल्याकडे पाहिलं की लगेच खाऊ. पुन्हा पाहिलं, पुन्हा खाऊ. घरात, जिन्यात, बागेत, दिवसातून पन्नासदा. थोड्याच दिवसांत पिल्लाला सवय लागते: चार पावलं गेलं की मान वळवून मालकाचा चेहरा बघायचा. हाक आपण मारायची आणि कुत्र्याने ओ द्यायची हा आपला रिवाज; इथे कुत्राच दर मिनिटाला नजरेने विचारत राहतो, ‘काय म्हणतोस?’ अशा कुत्र्याला फिरायला नेणारा माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून चालू शकत नाही. प्रश्न विचारला गेला आणि उत्तर द्यायला समोर कोणी नाही असं चार वेळा झालं, की कुत्रा विचारणं सोडून देतो.

मग येते शाबासकीची खूण. प्रशिक्षक मंडळी एरवी क्लिकर वापरतात. कुत्र्याने बरोबर कृती केली त्या क्षणी ‘टक’, आणि मग खाऊ. ‘टक’चं काम क्षण नेमका पकडण्याचं. त्याच्या जागी अंगठा वर करायचा किंवा मूठ झटकन उघडून पंजा फाकवायचा. काही जण छोट्या टॉर्चचा लखलखाट वापरतात, पण ते जपून करावं लागतं. काही कुत्र्यांना उजेडाच्या मागे धावायचं वेड लागतं आणि मग ती भिंतीवरच्या कवडशांमागे तासन् तास फिरत राहतात. लेझरच्या ठिपक्याला तर हातच लावू नये.

बाकीचे इशारे मालकाने ठरवायचे. अमेरिकेत बरेच जण तिथल्या मूकबधिरांच्या भाषेतल्याच खुणा उचलतात, काही जण घरच्या घरी रचतात. अटी दोन-तीनच. खूण एका हाताने करता यावी, कारण दुसऱ्या हातात पट्टा किंवा खाऊ असतो. दोन खुणा एकमेकींसारख्या नसाव्यात. आणि खूण हलती असावी. ही शेवटची अट कुत्र्याच्या डोळ्यातून आलेली आहे. बारीक तपशील बघण्यात कुत्रा आपल्यापेक्षा बराच मागे आहे, तांबडा रंग त्याला कळत नाही, जग त्याला निळ्या-पिवळ्या छटांत दिसतं. पण हालचाल टिपण्यात त्याचा हात धरणारे थोडे. १९३६ सालच्या एका पाहणीत १४ पोलिसी कुत्री तपासली होती. त्यांतल्या तिखट नजरेच्या कुत्र्यांना हलणारी वस्तू ८१० ते ९०० मीटरवरून ओळखता आली. तीच वस्तू स्थिर ठेवली तेव्हा ५८५ मीटरच्या पलीकडे ओळखता येईना. मैदानाच्या त्या टोकाला पोचलेला कुत्रा हात वर करून पुतळ्यासारख्या उभ्या मालकाला हरवून बसू शकतो. हात हलला की मालक पुन्हा सापडतो.

स्पर्शाचा धडा वेगळा. झोपलेलं बहिरं कुत्रं अचानक हात लागल्यावर दचकून तोंड टाकू शकतं. इतकी वर्षं त्याच्या चावरेपणाचा बोभाटा झाला तो बहुधा इथूनच. म्हणून आधी नाकासमोर हात धरून वासाने जाग येऊ द्यायची, मग खांद्याला हळूच स्पर्श, आणि डोळे उघडताक्षणी तोंडाशी खाऊ. हे शेकडो वेळा झालं की अचानक स्पर्श म्हणजे काहीतरी चांगलं, हे अंगात मुरतं. थरथरणारा पट्टाही मिळतो. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याशी त्याची गल्लत करू नये. हा फक्त मोबाइलसारखा गुरगुरतो, आणि गुरगुरणं म्हणजे ‘इकडे बघ’ एवढंच कुत्र्याला शिकवलेलं असतं. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी याच्याही पुढे जाऊन कुत्र्यासाठी जाकीट बनवलं. त्यात चार ठिकाणी थरथरणाऱ्या मोटरी बसवलेल्या आहेत. कुठली मोटर कशी थरथरली त्यावरून ‘गोल फिर’, ‘मागे जा’ अशा वेगवेगळ्या आज्ञा कुत्र्याला कळतात.

या सगळ्या सामानात मला आवडतो तो गळ्यातला घुंगरू. बऱ्याच बहिऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात तो असतो. कुत्र्याला त्याचा काही उपयोग नाही, तो मालकासाठी असतो. झुडपात गेलेलं कुत्रं कुठे आहे हे मालकाला ऐकू यावं म्हणून.

आता तो मघाचा प्रश्न: ऐकू येणारा कुत्रा तरी आपलं कितपत ऐकतो? नेपल्सच्या विद्यापीठात बियाजो द’अनिएल्लो आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षित रिट्रीव्हर कुत्र्यांना मुद्दाम गोंधळात टाकलं: तोंडाने एक आज्ञा आणि हाताने दुसरीच. कुत्र्यांनी बहुतेक वेळा हाताचं ऐकलं, शब्द सोडून दिला. ही कुत्री शिकलेली होती म्हणून असं झालं म्हणावं, तर कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे मोर्चा वळवला. अनेक शहरांत मिळून १६० कुत्री निवडली. समोर दोन झाकलेली भांडी ठेवायची आणि अनोळखी माणसाने त्यांतल्या एकाकडे बोट दाखवायचं. निम्मी कुत्री जवळ फिरकलीच नाहीत. रस्त्यावर आयुष्य काढलेल्याला माणसाबद्दल तेवढा संशय असणारच. पण जी आली त्यांतली सुमारे ८० टक्के बोटाच्या दिशेने गेली. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, कोणी पाळलं नव्हतं. आपल्या गल्लीतलं जे कुत्रं ‘यू यू’ केल्यावर शेपूट हलवत येतं, त्याने त्याआधी आपला हात, खांदा आणि पावलं वाचलेली असतात. ‘यू यू’ मुख्यतः आपल्या समाधानासाठी असतं.

म्हणूनच बहिऱ्या कुत्र्याला शिकवणारे अनुभवी लोक मालकाला सांगतात, बोलणं बंद करू नका. बोलताना आपला चेहरा आपोआप हलतो, भुवया वर जातात, खांदे सैल होतात. गप्प बसून खुणा करणाऱ्याचा चेहरा दगडी होतो, आणि त्या चेहऱ्याकडे बघून कुत्रा बावरतो.

अ‍ॅजिलिटीत हे सगळं पणाला लागतं. हा खेळ १९७८ साली लंडनमधल्या कुत्र्यांच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात जन्मला. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांना काहीतरी दाखवायचं म्हणून घोड्यांच्या उड्यांवरून बेतलेला. आज पंधरा ते बावीस अडथळे, ठरावीक क्रम आणि सेकंदांवर जिंकणं-हरणं. शर्यत सुरू करतानाच अडचण उभी राहते. इतर मालक कुत्र्याला रेषेवर बसवून पुढे चालत जातात आणि पाठमोरे असतानाच ‘चल’ म्हणतात. बहिऱ्या कुत्र्याच्या मालकाला मान वळवून हात खाली आणावाच लागतो. त्याआधी सहज कपाळावरचा घाम पुसला, तर कुत्रा सुटलाच म्हणून समजा.

खरी परीक्षा बोगद्यात. बोगदा वाकडा टाकलेला, सहा मीटरपर्यंत लांब. कुत्रा आत शिरला की मालक दिसेनासा होतो. ऐकू येणाऱ्या कुत्र्याला आतच सांगता येतं, ‘डावीकडे’. इथे सगळं सांगणं तो शिरण्याआधी झालं पाहिजे: धावणाऱ्या माणसाची पावलं आणि खांदे पुढच्या अडथळ्याकडे आधीच वळलेले हवेत. आणि तो बाहेर डोकं काढेल तेव्हा मालक त्याला अपेक्षित असलेल्या बाजूला सापडला पाहिजे. एक पाऊल उशीर झाला, की बाहेर आलेला कुत्रा गोल फिरून शोधत बसतो आणि घड्याळ पळत राहतं. बारा काठ्यांच्या नागमोडी रांगेत मात्र त्याचं फारसं अडत नाही. पहिली काठी डाव्या खांद्याला ठेवून आत शिरायचं हा नियम एकदा अंगी बसला की कोणीच काही सांगायला लागत नाही. सीसॉवर तर त्याला थोडी सवलतच मिळते. फळी धाडकन आपटते त्या आवाजाने पुष्कळ कुत्री तिचा धसका घेतात. याला फक्त पायाखालचा हिसका कळतो.

अ‍ॅजिलिटीत निष्णात माणसं ऐकू येणाऱ्या कुत्र्यांनाही अंगानेच वळवतात. ओरडत धावणारा नवशिका ‘उजवीकडे, उजवीकडे!’ म्हणतो आणि त्याचे स्वतःचे पाय डावीकडे जात असतात. कुत्रा पायांवर विश्वास ठेवतो आणि चुकीच्या बोगद्यात घुसतो. मग दोष त्या बिचाऱ्याला. बहिऱ्या कुत्र्याच्या मालकाला ही पळवाट नाही, त्यामुळे त्याच्या अंगाला खोटं बोलायची सवयच राहत नाही.

सगळ्यांत अवघड काम मात्र मेंढरांचं. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात पेगी नावाची बॉर्डर कोली होती. मेंढपाळाची शिट्टी ऐकून कळप वळवण्यात आयुष्य गेलेली, आणि आठव्या वर्षी कान गेले. काम संपलं म्हणून ती आरएसपीसीए या प्राणिसंरक्षण संस्थेच्या स्थानिक शाखेकडे आली. तिथल्याच एका कार्यकर्तीने तिला घरी नेलं आणि इशारे शिकवायला घेतले. मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याचं सगळं कसब नजर कळपावर खिळवून ठेवण्यात असतं. पेगीला त्याच्या उलट शिकायचं होतं, कळपावरची नजर काढून मध्येच माणसाकडे बघायला. म्हाताऱ्या वयात ते ती शिकली आणि पुन्हा मेंढरांत काम करू लागली.

आपल्या घरातली कुत्रीही त्या वयाला पोचतातच. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज कळेनासे होतात, म्हणून शिट्टी ऐकू येत नाही पण टाळी ऐकू येते, आणि घरचे म्हणतात, ‘हल्ली मुद्दाम दुर्लक्ष करतो.’ त्याला हातवारे शिकवायची वेळ त्याच्याही आधीची, कान शाबूत असतानाची. पद्धत सोपी आहे, फक्त क्रम सांभाळावा लागतो: आधी हाताची खूण, मग क्षणभर थांबून ओळखीचा शब्द. दोन्ही एकदम केलं किंवा शब्द आधी उच्चारला, तर शिकवल्याचं काही कळत नाही. खूण आधी केली तर काही दिवसांत शब्द तोंडात येईपर्यंत तो बसलेला असतो. काही कुत्री तर पहिल्याच खेपेला बसतात, कारण ‘बस’ म्हणताना आपला हात इतकी वर्षं कसा हलत होता हे आपल्याला ठाऊक नसलं तरी त्यांना पाठ असतं.